वातरोधक जाकीट (माउंटन बायकिंग)

वातरोधक जाकीट हे वाऱ्याचा थेट झोत अंगाला लागू नये म्हणून इतर कपड्यांवरून घातले जाणारे, दाट विणीच्या पातळ कापडाचे वस्त्र होय. बोलीभाषेत त्यास विंडचीटर किंवा विंडब्रेकर असे म्हणतात. माउंटन बायकिंग, म्हणजे डोंगराळ भागातील कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याच्या खेळात, वापरले जाणारे वातरोधक जाकीट बहुधा एकपदरी व बिनअस्तराचे असते. त्याचे वजन साधारणतः ६० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान असते आणि घडी घातल्यावर ते मुठीत किंवा जर्सीच्या मागील खिशात मावते.

या खेळात शरीराची गरज थोड्या थोड्या वेळाने पालटते. चढावर स्वाराच्या शरीरात मोठ्या प्रमाणात उष्णता निर्माण होऊन भरपूर घाम येतो. उतारावर श्रम कमी होतात, वेग वाढतो आणि घामाने ओल्या झालेल्या कपड्यांवर थंड हवेचा मारा होतो. म्हणून जाकिटाने वारा अडवावा आणि त्याच वेळी घामाची वाफ बाहेर जाऊ द्यावी, अशी दुहेरी अपेक्षा असते. या दोन गुणधर्मांमध्ये काही अंशी विरोध आहे. त्यामुळे सर्वाधिक वारा अडवणारे जाकीट सर्वोत्तम, हा समज माउंटन बायकिंगपुरता खरा ठरत नाही. योग्य जाकिटाची निवड मार्गावरील चढ-उतार, हवामान, स्वाराला येणारा घाम आणि जाकीट किती वेळ अंगावर राहणार यांवर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

वारा अडवणाऱ्या वस्त्रांची परंपरा प्राचीन आहे. ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोक प्राण्यांची कातडी वापरून डोक्यावरून घालायचे टोपीयुक्त अंगरखे बनवत असत. ‘अनोरॅक’ हा शब्द ग्रीनलँडमधील त्यांच्याच भाषेतून इतर भाषांत आला आहे. युरोपात इंग्लंडमधील टॉमस बरबेरी यांनी १८७९ मध्ये गॅबर्डिन हे दाट विणीचे कापड तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंटार्क्टिकाला गेलेल्या अनेक मोहिमांनी या कापडाचे बाह्यवस्त्र वापरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टर येथील शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल हे सुती कापड विकसित झाले. समुद्रात पडलेल्या वैमानिकांचा थंड पाण्यापासून बचाव व्हावा हा त्यामागील उद्देश होता. भिजल्यावर त्यातील सुती धागे फुगतात व विणीतील छिद्रे बुजतात.

कृत्रिम धाग्यांमुळे या वस्त्रांचे वजन झपाट्याने कमी झाले. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यात १९७९ मध्ये पर्टेक्स हे बारीक नायलॉन धाग्यांचे दाट व हलके कापड तयार होऊ लागले. त्याआधी १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोअर यांनी ताणून सच्छिद्र केलेल्या पीटीएफई या पदार्थाचा शोध लावला होता. १९७६ मध्ये त्यापासून बनवलेले गोअर-टेक्स हे पटलयुक्त कापड बाजारात आले. आजची बहुतेक वातरोधक जाकिटे या दोनपैकी एका मार्गाने, म्हणजे दाट विणीने किंवा पटलाच्या साहाय्याने, वारा अडवतात.

याच सुमारास माउंटन बायकिंगचा उदय झाला. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीमध्ये २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रीपॅक’ नावाने ओळखली जाणारी पहिली उतारावरील शर्यत झाली. या खेळाची क्रॉस-कंट्री ही शाखा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाली. रस्त्यावरील सायकल शर्यतींत मात्र उतारावरील वाऱ्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. आल्प्स पर्वतातील घाटमाथ्यावर पोहोचल्यावर जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्र खुपसून उतार उतरण्याची स्पर्धकांची रीत प्रसिद्ध आहे. कागद हा हलका, स्वस्त आणि तात्पुरता वातरोधक थर असतो व गरज संपताच काढून टाकता येतो. आधुनिक हलक्या जाकिटाकडूनही नेमकी हीच अपेक्षा असते.

## शास्त्रीय आधार

### चढावरील उष्णता

सायकल चालवताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी साधारणतः २० ते २५ टक्के ऊर्जाच पायडलवर यांत्रिक शक्तीच्या रूपाने उतरते. उरलेली उष्णता बनते. चढावर २०० वॅट शक्ती लावणाऱ्या स्वाराच्या शरीरात त्यामुळे सुमारे ६०० ते ८०० वॅट उष्णता निर्माण होते. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० जूल उष्णता शोषली जाते. यावरून ६०० वॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने बाहेर टाकायची झाल्यास तासाला सुमारे ९०० ग्रॅम घाम वाळावा लागेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेच्या संपर्कामुळे व प्रारणानेही जाते. तरीही अंगाभोवतीचा बाष्पाचा मार्ग बंद झाल्यास घाम वाळत नाही, तो कपड्यांत साठतो.

### उतारावरील थंडी

उतार सुरू झाल्यावर उष्णतेची निर्मिती घटते, परंतु अंगावरील कपडे ओलेच असतात. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक असते. कपड्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हेच उबेचे खरे कारण असल्याने, त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपड्याची ऊब कमी होते. त्यातच वारा अंगालगतचा उबदार हवेचा थर सतत उडवून लावतो आणि बाष्पीभवन वाढवतो.

स्वाराला जाणवणारा वारा हा स्वतःचा वेग आणि समोरून येणारा वारा यांची बेरीज असतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असल्यास छातीवर ताशी ५० किलोमीटरचा वारा आदळतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग पाचपट झाला की दाब पंचवीसपट होतो. पुढील तक्त्यात समुद्रसपाटीजवळील हवेच्या घनतेनुसार काढलेला दाब आणि अमेरिका व कॅनडा या देशांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या शीतवाऱ्याच्या सूत्रानुसार जाणवणारे तापमान दिले आहे.

| वाऱ्याचा सापेक्ष वेग (किमी/तास) | वाऱ्याचा दाब (पास्कल) | हवा १०° से. असता जाणवणारे तापमान | हवा ५° से. असता जाणवणारे तापमान |
|---|---|---|---|
| १० | सुमारे ५ | ८.६° | २.७° |
| २० | सुमारे १९ | ७.४° | १.१° |
| ३० | सुमारे ४२ | ६.६° | ०.१° |
| ४० | सुमारे ७४ | ६.०° | −०.७° |
| ५० | सुमारे ११६ | ५.५° | −१.३° |

हे सूत्र कोरड्या त्वचेसाठी आहे आणि त्यातील वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेल्या वाऱ्याचा असतो. चेहऱ्यावर प्रत्यक्ष तेवढाच वेग झेलणाऱ्या व घामाने भिजलेल्या सायकलस्वाराला याहून अधिक थंडी वाजते.

### धोका

शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यास त्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. कापरे भरणे, बोटे बधिर होणे, बोलणे अडखळणे आणि निर्णयशक्ती मंदावणे ही तिची आरंभीची लक्षणे आहेत. ही अवस्था येण्यासाठी तापमान गोठणबिंदूखाली जाणे आवश्यक नसते. ओलावा, वारा आणि थकवा हे तिन्ही एकत्र येणे पुरेसे असते. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट भागातील ‘फोर इन्स’ या पदभ्रमण स्पर्धेत पाऊस व वाऱ्यात सापडून तीन तरुण स्काउट मृत्युमुखी पडले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी असलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या दुर्घटनेचा अभ्यास केला. भिजलेल्या कपड्यांवर वारा वाहू लागला की त्यांची उष्णतारोधक क्षमता मोठ्या प्रमाणात घटते, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले.

सायकलस्वाराच्या बाबतीत यात आणखी एक धोका संभवतो. शरीर थंड पडू लागले की हातापायांकडील रक्तप्रवाह कमी होतो, बोटांची पकड ढिली होते आणि ब्रेक नेमकेपणाने दाबता येत नाहीत. उतारावर ब्रेकची सर्वाधिक गरज असते, आणि थंडीही तेथेच सर्वाधिक लागते.

## कापडाचे प्रकार

दाट विणीचे कापड : यात नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे अतिशय बारीक धागे घट्ट विणलेले असतात. धाग्याची जाडी ‘डेनियर’ या एककात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनियर होय. हलक्या जाकिटांत बहुधा १० ते ३० डेनियरचे धागे असतात. काही कापडे तापवलेल्या रुळांमधून दाबून काढली जातात. या क्रियेस कॅलेंडरिंग म्हणतात. तिच्यामुळे धागे चपटे होऊन विणीतील छिद्रे लहान होतात आणि कापडाला किंचित चकाकी येते. अशा कापडातून अल्प प्रमाणात हवा जाते व तिच्याबरोबर बाष्पही बाहेर पडते.

पटलयुक्त कापड : यात बाहेरील कापडाच्या आतील बाजूस अतिसूक्ष्म छिद्रांचे किंवा निश्छिद्र पटल चिकटवलेले असते. त्यातून वारा जवळजवळ जात नाही. बाष्प मात्र आतील दमट बाजूकडून बाहेरील कोरड्या बाजूकडे पटलातून झिरपते. ही क्रिया मंद असते आणि तीव्र चढावर येणाऱ्या घामाला ती बहुधा अपुरी पडते.

मिश्र रचना : छाती, खांदे व बाह्यांचा पुढील भाग वातरोधक कापडाचा, तर पाठ व काखा जाळीदार किंवा ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाच्या, अशी रचना सायकलिंगसाठी विशेष प्रचलित आहे. सायकलवर वारा मुख्यतः समोरून येतो, आणि पाठीवर सॅक असल्यास तेथे घाम साठतो. ही रचना या दोन्ही बाबींचा विचार करते.

‘रिपस्टॉप’ हा स्वतंत्र प्रकारचा धागा नसून विणीची पद्धत आहे. यात ठरावीक अंतरावर जाड किंवा दुहेरी धाग्यांची चौकट विणलेली असते, त्यामुळे लहान फाट पुढे वाढत नाही. बारीक डेनियरच्या कापडात ही वीण जवळजवळ सार्वत्रिक आहे.

वातरोधक जाकीट आणि पावसाळी जाकीट यांत फरक आहे. पावसाळी जाकिटाच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते आणि त्याची जलरोधकता पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने, मिलिमीटरमध्ये, सांगतात. वातरोधक जाकिटाच्या पृष्ठभागावर केवळ पाणी ओघळून जावे असे रासायनिक लेपन असते. ते भुरभुर पाऊस काही मिनिटे थोपवू शकते, सततच्या पावसात टिकत नाही.

## गुणधर्मांचे मापन

हवेची पारगम्यता : अमेरिकी मानक एएसटीएम डी ७३७ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२३७ यांनुसार कापडाच्या दोन बाजूंत ठरावीक दाबफरक ठेवून त्यातून किती हवा जाते हे मोजतात. उत्पादक हे मूल्य बहुधा सीएफएम या एककात देतात. दर मिनिटाला एक चौरस फूट कापडातून जाणारी घनफुटांतील हवा म्हणजे सीएफएम. १ सीएफएम म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरमधून सुमारे ५ लिटर हवा. आकडा जितका कमी, तितके कापड अधिक वातरोधक.

अमेरिकी चाचणीत सामान्यतः १२५ पास्कल दाबफरक वापरतात. हा दाब ताशी सुमारे ५२ किलोमीटरच्या वाऱ्याइतका आहे. म्हणजे लेबलवरील आकडा वेगवान उतारावरील स्थिती दर्शवतो. ताशी १० किलोमीटर वेगाने चढताना दाब केवळ ५ पास्कलच्या आसपास असतो, आणि दाट विणीच्या कापडातून जाणारी हवा साधारणतः दाबाच्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे उतारावर ‘हवेशीर’ वाटणाऱ्या कापडातून चढावर फारच थोडी हवा जाते. संथ चढावर मुख्य वायुवीजन झिप उघडल्याने, काखेतील जाळीमुळे किंवा जाकीट काढून ठेवल्यानेच होते.

बाष्पाची पारगम्यता : एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प जाते हे एमव्हीटीआर या मूल्याने दर्शवतात. याच्या चाचणीच्या अनेक पद्धती आहेत. त्यांत पात्र उभे ठेवावे की उलटे, आणि कोणता द्रव वा क्षार वापरावा, याबाबत भेद आहेत. एकाच कापडाला वेगवेगळ्या पद्धतींत अतिशय भिन्न आकडे मिळतात. त्यामुळे दोन जाकिटांची तुलना चाचणीची पद्धत एकच असल्यासच अर्थपूर्ण ठरते. आयएसओ ११०९२ या मानकात बाष्पाला होणारा विरोध ‘आरईटी’ या मूल्याने मोजतात. येथे कमी आकडा चांगला समजला जातो.

फुंकर चाचणी : आकडे उपलब्ध नसल्यास कापड ओठांवर घट्ट धरून त्यातून फुंकर मारून पाहण्याची साधी पद्धत प्रचलित आहे. हवा अजिबात जात नसल्यास कापड पटलयुक्त किंवा अतिदाट असते. जोर लावल्यावर थोडी हवा जात असल्यास ते मध्यम दाट असते. सहज हवा जात असल्यास ते वेगवान उतारावर अपुरे पडण्याचा संभव असतो. या चाचणीने नेमके मूल्य कळत नाही, परंतु दोन कापडांतील फरक स्पष्ट होतो.

## निवडीचे निकष

### वापराचा प्रकार

जाकीट बहुतांश वेळ खिशात राहून केवळ उतारापुरते बाहेर येणार असेल, तर कमी हवा जाऊ देणारे, अत्यंत हलके व लहान घडीचे जाकीट योग्य ठरते. लांब चढ आणि त्यानंतर सलग लांब उतार असलेल्या मार्गांवर असा वापर होतो. याउलट लहान लहान चढ-उतार वारंवार येणाऱ्या वाटेवर प्रत्येक वेळी थांबून जाकीट घालणे-काढणे शक्य नसते. तेथे ते सतत अंगावर राहते, म्हणून थोडी हवा जाऊ देणारे किंवा पाठ जाळीदार असलेले जाकीट अधिक सोयीचे असते. दुसऱ्या प्रकारच्या मार्गावर पूर्ण वातरोधक जाकीट घातल्यास स्वार आतूनच भिजतो, आणि मग त्याच ओलाव्यामुळे जाकिटाचा मूळ हेतू विफल होतो.

| प्रकार | वाऱ्यापासून बचाव | बाष्प बाहेर जाणे | मुख्य उपयोग |
|---|---|---|---|
| हवेशीर दाट वीण | मध्यम | उत्तम | वारंवार चढ-उतार, कोरडी थंडी |
| कॅलेंडर केलेली दाट वीण | चांगला | मध्यम | लांब उतारापुरता वापर |
| पटलयुक्त कापड | जवळजवळ पूर्ण | मर्यादित | अतिथंड व सोसाट्याचा वारा |
| बिनबाह्यांचे जाकीट | केवळ धडापुरता | चांगले | सौम्य थंडी, सतत श्रम |

### बेत व शिवण

सायकलवर स्वार पुढे झुकलेला आणि हात लांब केलेला असतो. उभे राहून योग्य वाटणाऱ्या जाकिटाच्या बाह्या त्या स्थितीत मनगटावरून वर सरकतात व पाठ उघडी पडते. म्हणून सायकलिंगच्या जाकिटाच्या बाह्या व मागील घेर अधिक लांब, तर पुढील भाग तुलनेने आखूड असतो. दुकानात जाकीट घालून पाहताना हँडल धरल्याप्रमाणे हात पुढे करून व कमरेत वाकून पाहिल्यास हा फरक कळतो. फार सैल जाकीट वाऱ्याने फडफडते. त्या फडफडीमुळे आतील उबदार हवा बाहेर फेकली जाते आणि हवेचा विरोधही वाढतो. माउंटन बायकिंगमध्ये मात्र कोपर व खांद्यांची हालचाल मोठी असल्याने रस्त्यावरील शर्यतीच्या जाकिटाइतका तंग बेत अडचणीचा ठरतो. कोपर व गुडघ्यांचे संरक्षक पट्टे वापरणाऱ्या स्वारांनी बाहीचा घेर ते पट्टे लावूनच तपासणे हितावह असते.

### झिप, कॉलर व हूड

पूर्ण लांबीची झिप वायुवीजनाचे मुख्य साधन आहे. हातमोजे घातलेल्या एका हाताने ती सरकवता यावी, यासाठी तिच्या टोकाला दोरीचा लांब फासा असणे उपयुक्त असते. वरून व खालून दोन्हीकडून उघडणारी झिप असल्यास पोटाकडील भाग मोकळा ठेवता येतो. झिपच्या मागे कापडाची अरुंद पट्टी नसल्यास छातीच्या मध्यभागी वारा शिरतो. कॉलरच्या आतील बाजूस झिपचे टोक झाकणारी घडी असल्यास हनुवटीला ते टोचत नाही.

हूड शिरस्त्राणाखाली बसणारे आहे की वरून, हे तपासणे आवश्यक असते. शिरस्त्राणाखाली जाड हूड घातल्यास शिरस्त्राण नीट बसत नाही. वरून घेतलेले सैल हूड वाऱ्याने फुगते आणि बाजूची दृष्टी अडवते. या कारणांमुळे अनेक स्वार बिनहूडचे जाकीट व स्वतंत्र पातळ टोपी पसंत करतात.

### वजन व टिकाऊपणा

वजन कमी करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धागा बारीक करणे, आणि बारीक धाग्याचे कापड घासले गेल्यास लवकर फाटते. काटेरी झुडपांतून जाणारी अरुंद वाट, सॅकच्या पट्ट्यांचे सततचे घर्षण आणि पडण्याची शक्यता यांमुळे माउंटन बायकिंगमध्ये हा प्रश्न रस्त्यावरील सायकलिंगपेक्षा अधिक तीव्र असतो. झाडीतून जाणाऱ्या मार्गांसाठी २० ते ३० डेनियरचे कापड, तर उघड्या माळावरील किंवा उंच पर्वतावरील मार्गांसाठी त्याहून बारीक कापड घेण्याकडे कल असतो. जाकीट घरीच राहिल्यास त्याचा उपयोग शून्य. म्हणून ते प्रत्येक सफरीत सहज नेता येईल इतके लहान असणे हा वजनाच्या निकषामागील खरा हेतू आहे.

### रंग

गर्द झाडीत व धुक्यात दिसण्यासाठी उठावदार रंग उपयुक्त असतो. मार्गाचा काही भाग वाहनांच्या रस्त्यावरून जात असल्यास प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्यांना महत्त्व येते. अपघातग्रस्त स्वाराचा शोध घेतानाही उजळ रंगाची मदत होते.

## भारतीय परिस्थिती

हिमालयातील मनाली ते लेह हा मार्ग देशभरातील सायकलस्वारांमध्ये प्रसिद्ध असून महाराष्ट्रातूनही अनेक स्वार तेथे जातात. रोहतांग (३,९७८ मीटर) तसेच बारालाचा व टांगलांग यांसारख्या त्याहून उंच खिंडी या मार्गावर लागतात. दर १,००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने कमी होते. अशा मार्गावर तासन्‌तास चढल्यानंतर दीर्घ उतार येतो. तेथे पूर्ण बाह्यांचे, अल्प हवा जाऊ देणारे जाकीट व त्याखाली उबदार थर आवश्यक असतो. हवामान अचानक पालटत असल्याने वातरोधक जाकिटाबरोबर पावसाळी जाकीटही जवळ बाळगावे लागते.

सह्याद्रीत परिस्थिती निराळी आहे. सिंहगड (१,३१२ मीटर) पुणे शहराहून सुमारे ७५० मीटर उंच आहे, म्हणजे सरासरी हिशेबाने माथ्यावर सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. परंतु हिवाळ्यातील निरभ्र पहाटे थंड हवा जड असल्याने दरीत साचते. तेव्हा उतरताना हवा उबदार होण्याऐवजी अधिक गार लागू शकते. अशा वेळी हलके, हवेशीर किंवा बिनबाह्यांचे जाकीट पुरेसे ठरते आणि ऊन वर आल्यावर ते खिशात जाते. करवंद व बाभळीच्या काट्यांमुळे अतिबारीक कापड येथे फार काळ टिकत नाही.

पावसाळ्यात वातरोधक जाकिटाची उपयुक्तता घटते. बाष्प बाहेर जाण्यास त्वचेलगतच्या व बाहेरील हवेतील बाष्पदाबाचा फरक कारणीभूत असतो. ३३ अंश तापमानाच्या घामेजलेल्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५ किलोपास्कल असतो. हिवाळ्यात १० अंश तापमान व ५० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत तो सुमारे ०.६ किलोपास्कल, तर पावसाळ्यात २२ अंश तापमानाच्या संपृक्त हवेत सुमारे २.६ किलोपास्कल असतो. म्हणजे बाष्पाला बाहेर ढकलणारा फरक हिवाळ्यात सुमारे ४.४, तर पावसाळ्यात सुमारे २.४ किलोपास्कल राहतो. त्यामुळे ‘श्वसनक्षम’ म्हणून विकले जाणारे तेच जाकीट पावसाळी घाटात निकृष्ट वाटते. हा दोष कापडापेक्षा हवामानाचा अधिक असतो.

## वापराची पद्धत

जाकिटाच्या निवडीइतकेच ते कधी घालावे यालाही महत्त्व आहे. चढ सुरू होण्यापूर्वी किंचित गारवा जाणवत असतानाच ते काढून ठेवल्यास घाम कमी साठतो. माथ्यावर पोहोचल्यावर शरीर गरम असतानाच ते घातल्यास साठलेली ऊब टिकते. कापरे भरेपर्यंत थांबल्यास जाकिटाचा उपयोग मर्यादित राहतो, कारण वातरोधक जाकीट स्वतः ऊब निर्माण करत नाही, ते केवळ शरीराच्या उबेची हानी कमी करते.

अंगालगतचा थर घाम शोषून बाहेरील पृष्ठभागाकडे नेणारा, म्हणजे पातळ मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा असणे इष्ट असते. सुती बनियन पाणी धरून ठेवते व उशिरा वाळते, त्यामुळे त्यावर उत्तम जाकीट घातले तरी गारवा जाणवतो. फार ओला झालेला थर उतारापूर्वी बदलल्यास जाकीट अधिक परिणामकारक ठरते. हातमोज्यांची उणीव जाकिटाने भरून निघत नाही.

## निगा

घाम व तेलकटपणामुळे कापडाची छिद्रे बुजतात आणि पृष्ठभागावरील लेपन निष्प्रभ होते, म्हणून जाकीट वेळोवेळी सौम्य साबणाने धुणे आवश्यक असते. कपडे मऊ करणारे कंडिशनर वापरल्यास कापडावर थर बसतो, त्यामुळे ते टाळतात. लेबलवर परवानगी असल्यास मंद उष्णतेने वाळवल्यावर लेपनाची जलविरोधी क्षमता काही अंशी परत येते. ओले जाकीट घडी करून ठेवल्यास त्याला बुरशी लागते. लहान फाट चिकटपट्टीने दुरुस्त करता येते.

या लेपनांत दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायने, म्हणजे पीएफएएस, वापरली जात होती. ती निसर्गात अतिशय सावकाश विघटित होत असल्याने त्यांवर निर्बंध येऊ लागले आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक नव्या वस्त्रांमध्ये त्यांच्या हेतुपुरस्सर वापरास बंदी आहे. पर्यायी लेपने पाणी थोपवतात, मात्र तेल व मळ यांना त्यांचा विरोध कमी असल्याने अशी जाकिटे अधिक वेळा धुवावी लागतात.

## हे सुद्धा पहा

* माउंटन बायकिंग
* हायपोथर्मिया
* गॅबर्डिन
* नायलॉन
* सायकल शिरस्त्राण